मंगळवारचे ठाणे कैसे उठले, त्याची हकीकत

॥ श्री अन्नपूर्णा प्रसन्न ॥

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, भौमवार. ते दिवशी रात्रौ नवाचे सुमारास मंगळवारचे ठाणे उठले. आपण आज्ञा केली की, बारा वर्षे जे ठाणे कोणास हालविता आले नाही, ते एका बैठकीत कैसे गेले, कोणी घेतले, लढाई कोठे जाहली, जखमी कोण, हे सर्व खरे खरे लिहून पाठवावे. त्यास, जे पाहिले ते, जे ऐकिले ते, आणि जे सरदारांनी सांगता सांगता गिळिले तेही, ऐसे तिन्ही मिळोन लिहितो. पदरचे थोडके पडेल, तेवढे खपवून घ्यावे.

उल्हासराव गुंजाळ म्हणोन एक सरदार. वय पन्नास, प्रकृती बेताची, बोलणे थोडके, मिशी ठेवावी की काढावी याचा निकाल वीस वर्षे लागलेला नाही. चाकरी वजनकाट्यांची. मुलखात जेथे जेथे उसाच्या गाड्या आणि कांद्याचे ट्रक मालासकट चढवून तोलावयाचे थोरले काटे असत, त्यांपैकी कोठला काटा नाठाळ जाहला म्हणजे कंपनीच्या हुजुरांचा हुकूम सुटे, आणि मग सरदार एक बॅग, एक लॅपटॉप आणि कुटुंबाने दिलेला मेथीच्या लाडवांचा डबा, ऐसा सरंजाम घेऊन एसटीने कूच करीत, आणि काट्यास समज देऊन परत येत. पराक्रम म्हणावा तर एवढाच. घरी कुटुंब कुमुदिनीबाई, करारी आणि नेमाच्या, आणि पोटी एकच कन्या शाल्मली, तीस लहानपणापासून ठमी म्हणत. सरदारांचा सगळा जीव या ठमीत. ते तोंडाने कधी म्हणाले नाहीत, म्हणोन येथे लिहून ठेविले.

आता मंगळवार कोठून आला ते सांगतो. कुमुदिनीबाई दर मंगळवारी सायंकाळी भजनी मंडळात जात आणि नवापर्यंत परतत नसत. ठमी सहा वर्षांची असता पहिल्याच मंगळवारी बाईंनी आज्ञा केली की, मुगाची खिचडी लाविली आहे, तीन शिट्ट्या जाहल्या की गॅस बंद करावा आणि पोरीस जेवू घालावे. ऐसे सांगून बाई गेल्या, आणि सरदार पोरीशी पत्ते खेळत बसले, आणि पोर लबाडी करू लागली, आणि ती पकडता पकडता शिट्ट्या किती जाहल्या याचा सुमार राहिला नाही, आणि खिचडीचा कोळसा जाहला. मग कुकर पाण्यात बुडवून, खिडक्या सताड उघडून, बाप-लेक गुपचूप घराबाहेर पडली, आणि कोपऱ्यावरील दुकानी जाऊन पिझ्झा नामक फिरंगी पक्वान्न मागविले. मैद्याची जाड भाकर, तिजवर टोमॅटोचा लगदा, त्याजवर चीज, त्याजवर भोपळी मिरची आणि मक्याचे दाणे, आणि सर्व भट्टीत घालून भाजावे, ऐसा तो प्रकार. कुमुदिनीबाई पुढे त्यास शिळ्या भाकरीचा शृंगार म्हणत. ठमीने मधले सर्व खाल्ले आणि कडा ताटात ठेविल्या. म्हणाली, "ह्या चावत नाहीत." सरदारांस ताटात टाकिलेले खपत नसे. त्यांनी कडा उचलून आपण खाल्ल्या. येणेप्रमाणे तह जाहला की, मधला मुलूख कन्येचा आणि सरहद्द बापाची. कागद जाहला नाही, शिक्का जाहला नाही, परंतु बारा वर्षे दोन्ही पक्षांनी तो पाळिला. बाईंस पहिल्याच रात्री करपल्याचा वास आला होता आणि पोरीच्या बाहीस चीज लागलेले दिसले होते. त्यांनी बारा वर्षे काही ठाऊक नसल्याचे सोंग केले, हाही थोरपणाच म्हणावा.

त्या दुकानचा पिझ्झा काही अमृत होता ऐसे नव्हे. चीज कधी कच्चे, कधी जळके, पंखा डोक्यावर करकरत असे, आणि टेबलाचा एक पाय आखूड म्हणोन त्याखाली पुठ्ठ्याची घडी. परंतु त्या टेबलावर ठमी बोलत असे. वर्गात कोणी कोणाची पेन्सिल ढापिली, गणिताच्या बाई वर्गातच का रडल्या, सहामाहीस बीजगणित कैसे बुडाले, अकरावीत एका मुलाने वही परत करिताना आत मोरपीस ठेविले त्याचे आता काय करावे, हे सर्व ती मंगळवारी राखून ठेवी, आणि शेवटी म्हणे, "बाबा, आईला सांगू नको हं." सरदार "हं" म्हणत आणि कडा चावीत. सल्ला कधी दिला नाही, कारण सुचत नसे. पोरीस वाटे की आपला बाप फार शहाणा, ऐकून घेतो. आठवड्याचे सहा दिवस सरदार काट्यांच्या मागे फिरत आणि सातव्या दिवशी मुलखाचे धनी होत. त्यांनी हुजुरांस स्पष्ट कळविले होते की मंगळवारी रात्री मुक्काम परगावी पडणार नाही, आणि हुजुरांनीही ते सोसले, कारण काट्यांस समजाविणारा दुसरा माणूस दौलतीत नव्हता.

मग या साली श्रावणात ठमी घरे बांधावयाची विद्या शिकण्यास दूरच्या शहरी गेली. सरदार पोहोचवावयास गेले, वसतिगृहात गादी चढविली, बादली आणि प्लास्टिकचा मग घेऊन दिला, खिडकीची कडी ढिली होती ती पेचकसाने पिळिली, आणि आणखी काही ढिले आहे का म्हणोन खोलीभर पाहिले. काही निघाले नाही, म्हणोन निघावे लागले. आधी फोन रोज येई, मग दिवसाआड, मग "बाबा, उद्या करते" ऐसा संदेश येई आणि उद्या येत नसे. दिवाळीस ठमी चार दिवस घरी आली आणि बहुतेक झोपली. निघावयाचे आदले सायंकाळी तिला काय वाटले कोण जाणे, बापाजवळ सोफ्यावर बसून म्हणाली, "बाबा, आपण आपला मंगळवार चालू ठेवायचा. तू जिथे असशील तिथे, मी जिथे असेन तिथे, दोघांनी पिझ्झा मागवायचा, आणि आठ वाजता फोन. फोन मी करणार. तू नको करू, तू कुठल्यातरी साइटवर असतोस." सरदार म्हणाले, "बरं." आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले, ऐसे कुमुदिनीबाईंनी सांगितले. त्यांचे सांगण्यात आजवर अंतर पडलेले नाही.

पहिले मंगळवारी बरोबर आठास फोन आला आणि तासभर चालला. दुसरे मंगळवारी आठ वाजून वीस मिनिटांनी आला. तिसरे मंगळवारी आला तो रस्त्याने चालता चालता, हॉर्न वाजत होते, आणि तीन मिनिटांत आटोपला. चौथे मंगळवारी आलाच नाही. मग पावणेनवास सरदारांचा धीर सुटला आणि त्यांनी आपण केला. ठमी म्हणाली, "अरे हो, करतच होते!" सरदार बाप होते, त्यांस कळले की करीत नव्हती. ती गोड बोलली, सर्व पुसिले, आईच्या गुडघ्याचेही पुसिले, परंतु तो आवाज वर्गात नाव पुकारल्यावर "हजर" म्हणणाऱ्या मुलीचा होता. सरदारांस ते बहुत लागले. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर केले आणि पहाटे मनाशी ठरविले की, पुढील मंगळवारी काही जाहले तरी आपण फोन करावयाचा नाही. तीस आपणहून आठवले तर ठाणे राहिले, न आठवले तर गेले. एका पोरीच्या आठवणीवर पन्नाशीचा माणूस एवढे पणास लावितो, हे वाचणारांस विपरीत वाटेल. ज्यास मूल दूर आहे त्यास वाटणार नाही.

तो पाचवा मंगळवार येण्याचे आदले दिवशी हुजुरांचा हुकूम आला की, दक्षिणेस साखर कारखान्याचा काटा ऐन गळीत हंगामात बिघडला आहे, गाड्यांची रांग दीड कोस लागली आहे, सत्वर निघावे. आता मंगळवारी घरी राहावयाचे कारण उरले नव्हते. सरदार निघाले, आणि मंगळवारी दिवसभर काट्याखालील खड्ड्यात उतरून मळी आणि चिखल उपसून काट्याचे दुखणे शोधिले, आणि अंगास उसाचा वास घेऊन सायंकाळी लॉजवर आले, आणि स्नान करून, इस्त्रीचा सदरा घालून, लॉजच्या व्यवस्थापकास पुसिले की येथे पिझ्झा कोठे मिळतो. व्यवस्थापक डोळे वटारून म्हणाला, "पिझ्झा? हितं येऊन? साहेब, तांबडा रस्सा खावा की. मटण खावा." सरदार म्हणाले, "पिझ्झाच पाहिजे." तो म्हणाला, "मग नव्या कॉलनीत जावा. मारुतीच्या देवळामागं एक हाय. दसऱ्याला निघालंय. मी काय खाल्लं न्हाई अजून." हे शेवटचे वाक्य सरदारांनी मनावर घ्यावयास हवे होते.

दुकान म्हणजे एका बंगल्याचे गाडी ठेवावयाचे घर, त्यात चार टेबले, वर लाल-पांढऱ्या चौकटीचे प्लास्टिक. भिंतीवर फिरंगी मुलखातील तो प्रसिद्ध कललेला मनोरा रंगविला होता. परंतु गावचे पेंटरास चित्र दाखविले तेव्हा त्यास वाटले की छापणाराने चूक केली, म्हणोन त्याने ओळंबा लावून मनोरा सरळ करून काढिला होता. दुकानाचे नाव फलकावर मोठ्या अक्षरांत होते, ते येथे लिहीत नाही. कोणाचे नवे दुकान बसविणे हे आमचे काम नव्हे. धनी शशिकांत खराडे, पूर्वी दूध संघात चाकरीस, चीज करावयास शिकले आणि तेथून पिझ्झाचे डोक्यात घेतले. त्यांचे कुटुंब मालनबाई गल्ल्यावर बसत, कणीक त्याच मळीत, आणि नवऱ्याचे डोक्यातील किती खरे मानावे हेही त्याच ठरवीत. ते समयी गिऱ्हाईक दुसरे कोणी नव्हते. सरदारांनी ठमीच्या आवडीचा मका आणि भोपळी मिरचीचा थोरला पिझ्झा सांगितला, आणि सवयीने म्हणाले, "प्लेटा दोन." मालनबाई म्हणाल्या, "आणि कोण येणार हाय व्हय?" सरदार म्हणाले, "हो. म्हणजे, फोन येणार आहे." मालनबाईंनी त्यांजकडे एकवार पाहिले आणि दोन प्लेटा आणि दोन ग्लास पाणी आणून ठेविले. सरदारांनी फोन ग्लासास टेकवून उभा केला, म्हणजे वाजण्याआधी दिसावा. घड्याळात आठास सात मिनिटे कमी होती.

आठ वाजले आणि फोनच्या जागी पिझ्झा आला. आता त्याचे वर्णन करणे प्राप्त आहे, आणि ते करिताना हात आखडता घेणार नाही. तळ खालून बिस्किटाप्रमाणे टणक आणि वरून ओला. मक्याचे दाणे गार, मिरची कच्ची, आणि चीज ताणावे तो तुटे. सॉसात गूळ पडला होता, कारण उसाच्या त्या मुलखात गुळावाचून चूल पेटत नाही. आणि कड अंगठ्याएवढी जाड, चहात बुडविल्यावाचून खाता न यावी ऐसी. सरदारांनी विचार केला की, फोन येण्यापूर्वी खावे तर करार मोडतो, आणि थांबावे तर गार होतो. गरम असता ही गत, गार जाहल्यावर काय होईल याची त्यांस धास्ती पडली. मग जरा जरा खाऊ लागले आणि डोळा फोनवर ठेविला. सव्वाआठ जाहले. फोन उजळला आणि सरदारांनी झडप घातली, परंतु तो कारखान्याच्या शेतकी विभागाचा संदेश होता की उद्या लवकर यावे. साडेआठ जाहले. बाहेर मारुतीची आरती सुरू जाहली आणि संपली. सरदारांचे मनात काय काय आले ते किती लिहावे. आता ती निघाली असेल, आता जिना उतरत असेल, आता फोन हातात घेतला असेल आणि कोणी मध्येच हाक मारिली असेल. पोरीचा तो बारीक, घाईचा, मध्येच हसणारा आवाज त्यांस इतका हवासा जाहला की त्यांनी जुने आलेले एक ध्वनिमुद्रण काढिले, ज्यात ठमी फक्त "बाबा, माझ्या कपाटाच्या किल्लीचा फोटो पाठव" एवढेच बोलते, आणि ते कानास लावून दोनदा ऐकिले. मग आपलीच आपणांस लाज वाटून फोन पुन्हा ग्लासास टेकविला.

इकडे मुदपाकखान्याच्या खिडकीतून शशिकांतराव डोकावून पाहत होते, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि त्यांनी कुटुंबास खूण केली, आणि दोघांची कुजबुज जाहली, आणि मग धनी हात पुसत पुसत टेबलापाशी आले आणि बोलिले, "साहेब, काय चुकलं काय?"

"छे छे. छान आहे की," सरदार म्हणाले.

"छान कसं? मका मी वर घातलाय, चीज मी वर घातलंय, आन तुमी नुसती कड खाल्ली. कडंला काय हाय? कडंला कायबी न्हाई!"

सरदारांनी खाली पाहिले. ते समयी त्यांस प्रथम कळले की, आपले हातांनी आपणांस न पुसता बारा वर्षांचा तह पाळिला आहे. सुरीने आठही तुकड्यांच्या कडा कापून घेतल्या होत्या, त्यांतील पाच खाल्ल्या होत्या, आणि मधले आठ त्रिकोण समोरच्या प्लेटीत नीट एकास एक लावून ठेविले होते, चीज लागू नये म्हणोन मध्ये कागदी रुमालही घातला होता. समोरची खुर्ची रिकामी होती. सरदारांस हसू आले, आणि हसता हसता घास अडकला, आणि डोळ्यांस पाणी आले, ते घासाचे की कशाचे हे त्यांसही सांगता येईना. शशिकांतराव घाबरून पाण्याचा ग्लास पुढे करू लागले. मग जो पुरुष हुजुरांपुढे दोन वाक्यांवर तिसरे बोलत नसे, त्याने त्या परक्या दुकानी, परक्या माणसांस, खिचडीपासून दिवाळीपर्यंत सर्व सांगितले. शशिकांतराव समोरची खुर्ची न घेता उभ्यानेच ऐकत राहिले. मालनबाई गल्ल्यावरून उठून आल्या.

शशिकांतराव म्हणाले, "मग आज तुमीच मधलं खावा की. लेक काय रागवायची न्हाई." सरदारांनी त्यांचे मन मोडू नये म्हणोन एक त्रिकोण उचलिला आणि खाल्ला. बारा वर्षांत प्रथम त्या मुलखात पाऊल पडले, आणि आत काही नव्हते. गूळ होता, गार मका होता. सरदारांस वाटले होते की मधल्यात काही निराळे असेल, पोर एवढ्या चवीने खात असे. त्यांस कळून चुकले की आपण आठवडाभर ज्याची वाट पाहत होतो ते पिझ्झात कधीच नव्हते, त्या दुकानी नव्हते आणि याही दुकानी मिळणार नाही. धन्याने पुसिले, "कसं हाय? खरं सांगा." सरदार म्हणाले, "गूळ जास्त झालाय. आणि तळ आत कच्चा आहे." शशिकांतराव कुटुंबाकडे वळून म्हणाले, "बघ, तुजा गूळ!" मालनबाई म्हणाल्या, "आन तुमची भट्टी!" ऐसी त्यांची थोडी चकमक जाहली.

ती निवल्यावर मालनबाई सरदारांस म्हणाल्या, "आवो, मग तुमीच लावा की फोन. बापानं लेकीला फोन करायला कसला आलाय मानापमान?"

"मानापमान नाही हो वहिनी. मी केला तर ती बोलेल. चांगलंच बोलेल. पण तिला आपणहून आठवलं असतं की नसतं, ते मग मला कळायचं नाही."

"आन कळून काय करणार?"

सरदारांनी फोन ग्लासास पुन्हा नीट टेकविला. ते नुसते फोनकडे पाहत बसले. नऊ वाजले. शशिकांतराव भट्टी विझवावयास आत गेले. मालनबाई शेजारचे टेबल पुसू लागल्या, जे पुसलेलेच होते.

नवावर चार मिनिटे जाहली आणि फोन वाजला. पडद्यावर ठमीचे नाव. सरदारांनी एक वाजू दिला, दोन वाजू दिले, गळा साफ केला आणि मग उचलिला.

"बाबा! सॉरी, सॉरी, सॉरी! आज मंगळवार आहे हे डोक्यातूनच गेलं रे." पलीकडे दहा मुलींचा गलका, कोणी गात होती, कोणी ठमीस हाका मारीत होती. "आमचं मॉडेलचं सबमिशन होतं. तीन रात्री जागलोय. आणि माझं सगळ्यात चांगलं झालं म्हणाले सर! मग सगळ्याजणी डोसा खायला आलो, आणि आत्ता ह्या प्राचीनं पिझ्झा म्हटलं आणि मला एकदम... बाबा, तू थांबला होतास का? मागवला होतास का तू?"

सरदारांनी प्लेटीकडे पाहिले. पोरीचा आवाज "मागवला होतास का" म्हणताना एकाएकी लहान जाहला होता, आणि पलीकडील गलक्यातून ती बाजूस सरकली हेही त्यांस ऐकू आले. खरे सांगावे तर पोर आताच्या आता रडेल, डोसा तैसाच राहील, आणि पुढील प्रत्येक मंगळवारी ती आठास पाच मिनिटे असता घड्याळ पाहील आणि बापाचे भय धरील. हे सर्व एका श्वासात त्यांचे मनात आले. आणि ते बोलिले, "छे गं. आज काट्यानं नुसतं डोकं खाल्लं. मीच विसरलो. तुझा फोन आला तेव्हा आठवलं बघ."

"खरंच?"

"अगं खरंच. कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवलोसुद्धा. वांग्याची भाजी होती."

"हुश्श," ठमी म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा मोठा आणि मोकळा जाहला. "मला वाटलं, तू बसला असशील वाट बघत."

"मी कशाला बसतोय? सर काय म्हणाले, ते सांग."

मग ठमीने सांगितले, भरभर सांगितले. पुठ्ठ्याचे छत कैसे दोनदा कोसळले, डिंक कोठून आणिला, सरांनी मॉडेल उचलून सर्व वर्गास कैसे दाखविले, आणि सरदार "हं" म्हणत गेले. चार मिनिटे ऐसी गेली की जैसा जुना मंगळवारच. मग पलीकडून हाक आली आणि ठमी म्हणाली, "बाबा, ऐक ना. मी काय म्हणते, आपण मंगळवार असं पक्कं नको ठेवायला. तुझ्याही लक्षात राहत नाही, माझ्याही राहत नाही, आणि मग उगाच वाईट वाटतं. आठवेल तेव्हा करत जाऊ. चालेल?"

सरदारांनी समोरची प्लेट एका हाताने आपणांकडे ओढून घेतली.

"चालेल की," ते म्हणाले. "तेच बरं. पोटभर जेवलीस ना?"

"हो रे. आता कॉफी. ठेवू?"

"ठेव."

फोन काळा जाहला. मालनबाई फडके हातात धरून उभ्या होत्या. सरदार म्हणाले, "मुलीचा होता." त्या म्हणाल्या, "ऐकलं." मग त्यांनी पुसिले, "उरलेलं बांधून देऊ?" सरदार म्हणाले, "नको." आणि उठले, आणि शशिकांतरावांस आत जाऊन सांगितले की भट्टी आधी तासभर तापवून पाहावी, तळ भाजेल. आणि मारुतीच्या देवळावरून लॉजकडे चालत गेले. वाटेत कोणी भेटले नाही.

येणेप्रमाणे मंगळवारचे ठाणे उठले. शत्रू कोणी नव्हता. पोरीने मागण्याआधीच बापाने आपण किल्ल्या काढून हाती दिल्या, आणि त्या किल्ल्या होत्या हे तीस कळूही दिले नाही. लुटीत मिळाले ते इतकेच की, पोर हसते आहे, तिला मैत्रिणी आहेत आणि तिचे काम चांगले होते. सरदारांनी ते कुमुदिनीबाईंस दोनदा सांगितले. त्यानंतर फोन येतात, कधी रविवारी, कधी शुक्रवारी दुपारी, आणि सरदार सर्व फोन आनंदाने घेतात. मात्र ठाणे उठल्याचे सरदारांच्या आतील पहारेकऱ्यास कोणी सांगितलेले नाही. तो अद्याप मंगळवारी आठ वाजता उभा राहतो. याउपर लिहावे ऐसे काही उरले नाही.